कुत्र्याकडचा माणूस

मुरलीधर कंट्रोलर आमच्या घरी पाणी पीत नाहीत, कारण आमच्या घरात त्यांनी कुत्रं दिलेलं आहे.

भांडण वगैरे काही नाही, उलट भारी जीव आहे. पण जुन्या वळणाची माणसं लेकीच्या सासरी जशी अन्नपाणी घेत नसत, तसं कंट्रोलरांचं कुत्र्यांच्या बाबतीत आहे. वारूळवाडी, नारायणगाव, पिंपळवंडी, पार तिकडे मंचर-कळंबपर्यंत ज्या ज्या घरात त्यांनी कुत्रं लावून दिलंय, त्या घरचा चहा त्यांना बंद. अशी घरं आता इतकी झालीत की हा माणूस पाण्याची बाटली खांद्याला अडकवल्याशिवाय बाहेरच पडत नाही. एकदा भर मे महिन्यात ते माझ्या मेडिकलच्या पायरीवर घेरी येऊन बसले. मी धावत जाऊन मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं, तर डोळे किलकिले करून विचारतात कसे, "ताई, हे पाणी घरचं का दुकानाचं?"

दुकानाचं म्हटल्यावर प्यायले.

माझं मेडिकल वारूळवाडीच्या फाट्यावर आहे आणि कंट्रोलरांचं घर त्याच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे हे सगळं मी रोज बघते. कंट्रोलर हे त्यांचं आडनाव नव्हे. एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, हे आयुष्यभर त्यांनी माइकवरून सांगितलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज काही निवृत्त झालेला नाही. दुकानात नुसतं खोकल्याचं औषध मागितलं तरी रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघतो. बोलणंही सगळं एसटीतलंच. कुणाचं लग्न ठरलं की "लागली गाडी फलाटाला," कुणी आजारी पडलं की "ब्रेकडाउन," आणि एखादा माणूस उगाच घुटमळत असेल तर "चढायचं आसंल तर चढा, न्हायतर दार सोडा."

आमच्या भागात कुणाला कुत्रं आणायचं झालं की लोक म्हणतात, आधी कंट्रोलरांना दाखवा. नवख्या माणसाला वाटतं, कुत्रं दाखवायचं. तसं नाही. दाखवायचं असतं घर. कंट्रोलर येतात, घर बघतात, घरातली माणसं बघतात आणि कुठल्या जातीचं कुत्रं या घरात नांदेल ते सांगतात. पुष्कळदा कुठलंच नांदणार नाही असंही सांगतात. एकदा एका मोठ्या द्राक्षबागायतदारानं जरा चिडून विचारलं, "अहो, पण कुत्रं आम्ही घेणार, मग तुम्ही कोण?" कंट्रोलर शांतपणे म्हणाले, "मी कुत्र्याकडचा."

आमच्या घरात हा विषय निघाला तो शेजारच्या उसात बिबट्याची मादी पिल्लांसकट दिसल्यावर. आमच्याकडे बिबट्या दिसणं ही काही बातमी नाही. पण आमचं घर गावाच्या कडेला, तिन्ही बाजूंनी ऊस आणि घरात पोरंबाळं. म्हणून संजयनं, म्हणजे आमच्या ह्यांनी, जाहीर केलं की जर्मन शेफर्ड आणायचं. आमची लेक तनू म्हणाली, आणलं तर लॅब्रॅडोर, नाहीतर मी जेवणार नाही. झालं, घरात दोन पक्ष पडले. ह्यांच्या मोबाइलवर जर्मन शेफर्ड भिंतीवरून उड्या मारून चोराचं मनगट धरायचं, आणि तनूच्या मोबाइलवर लॅब तोंडात टोपली धरून भाजी आणायचं. दीर जर्मनकडे, जाऊ लॅबकडे. सासूबाईंनी दोन्ही व्हिडिओ शेवटपर्यंत बघितले आणि एवढंच विचारलं, "ह्यातलं भाकरी कुठलं खातं?"

शेवटी कंट्रोलरांना बोलावलं.

ते रविवारी सकाळी आले. अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन, खांद्याला बाटली. अंगणात उभे राहूनच त्यांनी आरोळी दिली, "कुत्र्याकडचे पावणे आलेत! घरात कोण हाय का?" सासूबाईंनी सवयीनं डोक्यावर पदर घेतला, सतरंजी अंथरली आणि मला पोहे टाकायला पिटाळलं. मी बघते तर ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, तनूनं वेणी घातलेली आणि दीर भिंतीला टेकून अगदी गरीब चेहऱ्यानं बसलेले. लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हासुद्धा माणसं एवढी सावरून बसली नव्हती.

पोहे आले तसे परत गेले. "ठरायच्या आधी तोंड चाळवलं की नकार देताना जड जातंय," कंट्रोलर म्हणाले, "अन् ठरल्यावर तर प्रश्नच न्हाई." मग त्यांनी घरभर नजर फिरवली आणि पहिला प्रश्न टाकला. "दिवसा घरी कोण आसतंय?"

"मी आसते की," सासूबाई म्हणाल्या.

"बरं. कुत्रं झोपणार कुटं?"

"बाहेर, ओट्यावर," ह्यांनी छाती काढून सांगितलं. "राखणीलाच आणायचंय ना."

"म्हंजे बिबट्याला डबा लावताय."

ह्यांना काही कळलं नाही. कंट्रोलरांनी समजावून सांगितलं. "संजयभाऊ, बिबट्याला कोंबडी, शेळी अन् कुत्रं ह्यात कुत्रं लई आवडतं. ओट्यावर बांधलं की रोज घरपोच डबा. राखण करायला आणताय का बिबट्याची सोय करायला, ते आधी ठरवा." ह्यांची छाती जागेवर आली. कुत्रं घरात झोपेल, असं सर्वानुमते ठरलं.

"आता सांगा, शी कोण काढणार?"

तनूनं ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी दिराकडे, दिरांनी जावेकडे, आणि जावेनं बघू नये तरी बघितलंच, माझ्याकडे. मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

कंट्रोलर वळून बसले आणि म्हणाले, "मग ताई, तुमी सांगा. कुठलं कुत्रं पायजे?"

एवढ्या दिवसांच्या भांडणात मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी जरा गडबडले आणि मग जे मनात होतं ते सांगून टाकलं. दुकान बंद केल्यावरही लोक औषधाला घरी येतात. कुणाचं पोर तापलेलं असतं, कुणाची म्हातारी कण्हत असते. अशा माणसावर कुत्रं धावून गेलं तर मला चालणार नाही. बाकी जात कुठलीही असो.

"लॅब," कंट्रोलर म्हणाले. निकाल लागला. तनूनं उडीच मारली.

हे मात्र चिकाटीचे. "अहो, पण लॅब कसली राखण करतंय? चोर आला तर त्याला चाटत बसंल."

"चाटू द्या की. तुमच्या घरात भुंकायचं काम वहिनी चांगलं करत्यात, फाट्यापर्यंत ऐकू येतंय." सासूबाई पदरात तोंड लपवून हसल्या. दुसरं कुणी असं बोललं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. "हे बघा संजयभाऊ," कंट्रोलर पुढे म्हणाले, "लॅब यष्टीसारखं आसतंय. कुणीबी हात केला की थांबतंय. जर्मनचं तसं न्हाई. त्याला एक माणूस लागतंय. एकाचंच ऐकतंय, एकाच्याच पायाशी बसतंय. तुमच्या घरात एकटं माणूस कुटंय? सगळी वरात हाय. कुणाचं ऐकू अन् कुणाचं नको, ह्यातच त्या बिचाऱ्याला येड लागंल."

आम्हाला वाटलं, संपलं. तर कंट्रोलर उठता उठता ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "शेवटचा प्रश्न. तुमच्या माघारी कोण?"

"अहो भाऊ, काय अभद्र बोलताय!" सासूबाई कडाडल्या. "चाळिशी न्हाई उलटली पोराची."

"वहिनी, समद्यांनाच इचारतो. कुत्रं म्हंजे शेवटच्या स्टॉपपर्यंतचा प्रवासी. मधीच उतरवता येत न्हाई. दहा-बारा वर्सं त्याची. तेवढ्यात माणसाचं काय बी होतंय. आपण गेलो तर त्यानं दाराकडं बघत बसायचं का?"

ह्यांनी आमच्या सगळ्यांकडे हात केला. कंट्रोलरांनी आम्हाला एक एक करून बघून घेतलं. "पास," म्हणाले.

असा आमच्याकडे पेढ्या आला. रंगावरून तनूनं पेढा नाव ठेवलं आणि सासूबाईंनी त्याचा पेढ्या केला. येताना त्याच्याबरोबर आहेरही आला. जाड कातड्याचा, बाहेरच्या बाजूला खिळ्यांची टोकं काढलेला गळपट्टा, बिबट्यानं मान धरली तर त्याच्याच तोंडात खिळे जावेत असा. प्रत्येक कुत्र्याला कंट्रोलर हा पट्टा स्वतः करून देतात. शिवाय दिवाळीला फाटकात येऊन उभे राहतात, माहेरचा माणूस म्हणून. कुत्र्याचे कान बघतात, नखं बघतात, बरगड्या चाचपतात. पेढ्याचं वजन वाढलं म्हणून गेल्या दिवाळीला सासूबाईंना एवढं ऐकवलं की त्यांनी त्याची तुपाची भाकरी बंद केली. मला सासरी येऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या माहेरच्यांनी इतक्या कडक आवाजात माझी चौकशी कधी केलेली नाही. आणि हे सगळं फुकट. पाणीही न घेता.

एवढं कुत्र्यांचं वेड, पण कंट्रोलरांच्या स्वतःच्या घरात कुत्रं नव्हतं. मला याचं फार नवल वाटायचं. शेवटी एकदा मी शब्बीरभाईंना विचारलं. शब्बीरभाई जुन्नरचे. एसटीत ड्रायव्हर होते, आता मुलांचा टोमॅटोचा टेम्पो आहे आणि बाजाराच्या दिवशी तेही टेम्पोबरोबर येतात. कंट्रोलरांचे तेवढे एकच जिवाभावाचे दोस्त. ते म्हणाले, "ताई, हे खूळ स्टँडवर लागलं त्याला. एक गाडीवाला आला अन् फाटकाशी लॅब सोडून निघून गेला. पांढरी गाडी व्हती. मग ते कुत्रं काय करायचं, तर पांढरी गाडी आली की पळत जायचं, वास घ्यायचं, परत येऊन बसायचं. मुरली केबिनमधनं बघायचा. डबा द्यायचा त्याला, पण ते खाताना बी गाड्यांकडंच बघायचं. मुरली मला म्हणला, शब्बीर, ह्याला घेताना ह्याच्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं रे."

"आणि लग्न?" मी विचारलं. कंट्रोलर बिनलग्नाचे, एवढं मला माहीत होतं.

शब्बीरभाई एकदम हसायलाच लागले. "त्याची बी तीच गंमत. मीच गेलो व्हतो संगं, ओतूरला. पोरगी चांगली, घर चांगलं, समदं जमत आलेलं. तर ह्यो पोरीच्या बापाला म्हणतो, आमच्याकडं पाणी लांबनं आणावं लागतं, आई तापट हाय, मी कायम ड्युटीवर. तुमच्या पोरीला इथं सुख न्हाई लागायचं. पोरगा स्वतःच पोरीकडनं बोलाया लागला! बापानं हात जोडले. येताना मी गाडीत लई शिव्या दिल्या त्याला. तर म्हणतो, खरं व्हतं ते सांगितलं. असं दोन-तीनदा झालं, मग कुणी बोलावंनाच."

मीही हसले. पण दुकान बंद करताना मला ते पुन्हा आठवलं आणि तेव्हा काही हसू आलं नाही.

यंदा दिवाळीनंतर टायगर आला. बिबट्याच्या मुलखात कुत्र्याचं नाव टायगर ठेवायला कळंबचीच माणसं हवीत. जर्मन शेफर्ड, पुरा वाढलेला, कान खडे, पाठ काळी. ज्या घरचा तो होता, तिथे दोघं नवराबायको नोकरीला आणि दिवसभर दाराला कुलूप. कंट्रोलरांनी त्यांना तेव्हाच बजावलं होतं, जर्मन नको. त्यांनी ऐकलं नाही. आता ती मंडळी चाकणला फ्लॅटमध्ये निघाली आणि कंट्रोलरांना फोन आला की याचं काहीतरी करा. कंट्रोलर शब्बीरभाईंच्या टेम्पोतून जाऊन त्याला घेऊन आले. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा होती, पण हे मागे रिकाम्या क्रेटांमध्ये कुत्र्याशेजारी बसून आले. मी विचारलं तर म्हणाले, "नवीन प्रवाशाला एकट्याला कसं बसवायचं?"

त्याचं नाव ते कधी घेत नसत. 'पावणं' म्हणत. "पावणं जेवलं," "पावण्याला जरा सर्दी झालीय." का विचारलं तर म्हणाले, "नाव घेतलं की माणूस गुततंय. चार दिवसांचं पावणं हाय, स्थळ बघतोय."

स्थळं त्यांनी खरंच बघितली. पिंपळवंडीचं घर नापास, कारण ते बागेत साखळीला बांधणार होते. मंचरचे एक निवृत्त मास्तर नापास, कारण त्यांची फरशी गुळगुळीत. "जर्मनची मागची कंबर नाजूक. घसरंल, अन् मग वय झाल्यावर उठायचं वांधं." मग कुणाची सून घाबरट निघाली, कुणाचं अंगण लहान. आठवडे जात होते आणि मी दुकानातून बघत होते. सकाळ-संध्याकाळ कंट्रोलर आणि पावणे फिरायला निघायचे. पावण्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा आणि कंट्रोलरांच्या तोंडाची टकळी चालू. कधी नव्हे ते दाढी रोजच्या रोज व्हायला लागली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या ते नेहमी विसरायचे, त्या आता संपायच्या आधी न्यायला यायचे. मी म्हटलं, "काय कंट्रोलर, तब्येत चांगली दिसतेय."

"पावणं सकाळी लवकर उठवतंय ना," म्हणाले.

मला वाटलं होतं, नकार देता देता ते कुत्रं ठेवूनच घेतील. पण मी माणूस ओळखला नव्हता. एके दिवशी दुपारी ते दुकानात येऊन स्टुलावर बसले. मी मागवलेला चहा त्यांच्या हातात निवत चालला होता. "ताई, पास झालं एक घर. घोडेगावकडचं. मिलिटरीतनं आलेला माणूस हाय. एकटाच सगळं बघंल कुत्र्याचं, बायको-पोरगा बी पाठीशी. फरशी खडबडीत, अंगणाला जाळी. लई शोधलं, पण खोट काय सापडंना."

खोट सापडंना, हे त्यांनी अगदी खालच्या आवाजात सांगितलं. स्टँडभर ऐकू जाणारा माणूस, आणि मला काउंटरवरून वाकून ऐकावं लागलं. सोमवारी सोडायला जाणार म्हणाले. चहा तसाच ठेवून गेले.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं आणि शब्बीरभाईंना फोन केला. शब्बीरभाई भडकले. "गाढव हाय तो. परत पोरीकडनं बोलायला लागला." त्यांनीच त्या घोडेगावच्या गृहस्थांना फोन लावून सगळं सांगितलं. गृहस्थ भला माणूस. म्हणाला, "मग मला कशाला देताय? त्यांचा जीव लागलाय तर त्यांच्याकडंच राहू द्या. माझ्यासाठी दुसरं बघा." पण कंट्रोलरांना नुसतं हे सांगून भागणारं नव्हतं. त्यांना सगळं नियमानं व्हायला हवं होतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं त्यांच्या घरासमोर उभे राहिलो, सासूबाई, शब्बीरभाई आणि मी. सासूबाईंनी पदर खोचला आणि फाट्यापर्यंत जाणारी आरोळी दिली, "कुत्र्याकडचे पावणे आलेत! घरात कोण हाय का?"

कंट्रोलर बनियनवरच बाहेर आले. पाठोपाठ टायगर. कंट्रोलर एकदा आमच्याकडे बघतात, एकदा मागे टायगरकडे. "काय ओ वहिनी, काय झालं? या, चहा टाकतो."

"ठरायच्या आधी चहा न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि सरळ आत शिरल्या.

आत गेलो आणि मी बघतच राहिले. फरशी गुळगुळीतच होती, मंचरच्या मास्तरांसारखी. पण तिच्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत गोणपाटं अंथरलेली, सुतळीनं एकमेकांना शिवलेली. एकही फट नाही. टायगर त्यावरून अगदी ऐटीत चालत आला आणि कंट्रोलरांच्या पायाला टेकून बसला.

सासूबाईंनी कामाला सुरुवात केली. "दिवसा घरी कोण आसतं?"

कंट्रोलरांच्या आता लक्षात आलं. नाही म्हणतील असं वाटलं, पण नियम त्यांचाच होता. हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "मी."

"शी कोण काढतं?"

"मीच."

"झोपतं कुटं?"

कंट्रोलर घुटमळले. "खाटंवर," शेवटी म्हणाले.

"अन् तुमी?"

"मी खाली. सतरंजीवर. पावण्याला खाली झोप लागंना."

शब्बीरभाईंनी कपाळावर हात मारला. सासूबाईंना चौथा प्रश्न विचारायचा होता, पण तो त्यांनी माझ्यावर ढकलला. माझ्याकडे बघायला लागल्या. शी काढण्यापासून सगळं शेवटी माझ्याकडेच येतं. मी विचारलं, "कंट्रोलर, तुमच्या माघारी कोण?"

"कुणी न्हाई," ते म्हणाले. मग खाली वाकून टायगरच्या पट्ट्याचा एक खिळा उगाच चाचपत राहिले. "ताई, तुमाला काय वाटलं, मी इचारलं नसंल? ह्यो आला त्याच दिवशी मी माझं घर बघितलं. पहिल्या तीन प्रश्नांत पास हाय. चौथ्यात नापास. माझी सत्तरी उलटली, ह्यो आत्ता कुटं तरणा झालाय. मी गेल्यावर ह्यानं पांढऱ्या गाड्या बघायच्या का?"

दुसऱ्याच्या घरात एवढं कठोर होणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत. स्वतःच्या घराला तेवढ्याच कठोरपणे नापास करणारा हा एकच.

"तुमच्या माघारी आमी हाय," सासूबाई म्हणाल्या. "पेढ्याशेजारी झोपंल. आता लिवून घ्या पास."

"तसं न्हाई वहिनी. तुमचं घर लॅबचं. जर्मन एकाचंच आसतंय. दुसऱ्याकडं रमत न्हाई ते."

तेव्हा शब्बीरभाई पुढे झाले. "मुरली, मी नाशिकहून गाडी आणायचो. आपल्या स्टँडवर उतरायचो अन् दुसरा ड्रायव्हर चढायचा. आठवतं का? तू प्रवासी खाली उतरवायचास का रे तवा?"

"प्रवासी कशाला उतरवायचे? बसून राहायचे ते."

"मग? अन् ह्यो एकाचाच आसतो म्हणतोस, तर कळंबहून आला तवा ह्याचा ड्रायव्हर बदललाच की. बघ कुणाच्या पायाशी बसलाय."

कंट्रोलरांनी खाली बघितलं. टायगरनं वर बघितलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तो लांब जाईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. मग कंट्रोलर खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसत घोडेगावच्या माणसाला काय सांगायचं, असं काहीतरी पुटपुटले. शब्बीरभाई म्हणाले, "ते मी बघितलंय."

"पास," सासूबाईंनी जाहीर केलं.

"बसा मग. चहा टाकतो," कंट्रोलर म्हणाले.

"अहो, असं कसं? आता आमी ह्या घरात कुत्रं दिलं," सासूबाई म्हणाल्या. "आमाला इथलं पाणी बी चालायचं न्हाई." कंट्रोलरांना हा मुद्दा एकदम पटला. त्यांनी मान डोलावली. म्हणजे आता ते आमच्याकडे पाणी पीत नाहीत आणि आम्ही त्यांच्याकडे. शब्बीरभाई मात्र भिंतीला टेकून ऐसपैस बसले. म्हणाले, "मी ना कुत्र्याकडचा, ना घराकडचा. मी ड्रायव्हर. मला चहा लागतो."

कंट्रोलर स्वयंपाकघरात गेले. टायगर उठून त्यांच्या मागे गेला आणि उंबऱ्यापाशी थांबला. पाहुण्यासारखा, आत यावं की नाही अशा विचारात. भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटला. मग आतून कंट्रोलरांचा आवाज आला. इतका हळू की त्यांचा आहे हे ओळखायलाच मला वेळ लागला.

"टायगर," ते म्हणाले, "ये. बैस हितं. जागा हाय."